ओटीवरचा कॅमेरा आणि भाऊजींचे कान

(कॅमेरे, वाय-फाय, इन्व्हर्टर आणि घरातल्या इतर विजेच्या दुखण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्याचं कुडाळात दुकान आहे आणि अर्धा दिवस शिडीवर जातो.)

प्रश्न : आमचं घर गुहागर तालुक्यात. घर सामाईक आहे, आमचं आणि माझ्या चुलत दिरांचं. ते डोंबिवलीला असतात, गणपतीत आणि मे महिन्यात येतात. गेल्या वर्षी रात्रीतून दोन कलमांवरचे आंबे कुणीतरी उतरवून नेले, म्हणून भाऊजींनी ओटीच्या वाशाला कॅमेरा लावून घेतला. आम्हांला उलट बरंच वाटलं. हे एसटीत ड्रायव्हर, आठवड्यातल्या तीन रात्री मुक्कामी बाहेर. परवा नेहमीची मासेवाली आली. पायरीवर बसून बांगडे निवडता निवडता मी तिला म्हटलं की यंदाची फवारणी सगळी आमच्याच पैशातून झाली. संध्याकाळी भाऊजींचा फोन : “वहिनी, फवारणीचा हिशोब मासेवालीला कशाला? मला सांगायचा ना.” कॅमेऱ्याला ऐकूही येतं हे तेव्हा कळलं. मुलगी बारावीला आहे, ओटीवर बसून मैत्रिणींशी फोनवर बोलते. ती आता बोलायचीच थांबली आहे. भाऊजींना विचारलं, तर म्हणाले, “लपवण्यासारखं आहे काय?” वायर कापून टाकू का? पोलिसांत जाऊ का? – एक वाचक

उत्तर : ताई, वायर कापू नका. कॅमेरा त्यांच्या पैशाचा आहे, तुम्ही कापलात की बोलणं फवारणीवरून नुकसानभरपाईवर जाईल आणि मूळ तक्रार बाजूला पडेल. माइकच्या भोकावर एम-सील लावायचा सल्लाही कुणीतरी देईल. त्याने आवाज घुमतो, बंद होत नाही.

आधी त्यांच्या प्रश्नाचं बघू. लपवण्यासारखं काही नाही, हे खरंच. पण मासेवालीशी बोललेलं मासेवालीसाठी असतं. तेच भाऊजींना सांगायचं असतं तर तुम्ही वेगळ्या शब्दांत, वेगळ्या वेळी सांगितलं असतंत. एवढं त्यांनाही कळतं. डोंबिवलीतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात कुणी असा कॅमेरा लावला, तर ते दुसऱ्या दिवशी शिडी शोधतील.

आता कामाचं. कॅमेरा कशासाठी लावला? आंब्यांसाठी. रात्री त्याचे लाल दिवे लागले की पंचवीस-तीस मीटरपर्यंत माणूस दिसतो, म्हणजे पुढची कलमं नजरेच्या टप्प्यात येतात. आवाजाचं तसं नसतं. त्यातला माइक हरभऱ्याच्या डाळीहून लहान, चार-पाच मीटरवरचं बोलणं धडपणे टिपतो, त्यापुढे वारा, रातकिडे आणि समुद्राची गाज. पावसाळ्यात तर पत्र्यावरच्या पावसाखेरीज काही ऐकायलाच येत नाही. म्हणजे कलमाखाली चोर फांदी मोडतो त्याचा आवाज भाऊजींना कधीच येणार नाही. येणार तो पायरीवरचा, झोपाळ्यावरचा, फोनवर बोलणाऱ्या मुलीचा. चोर पकडायला लावलेल्या यंत्राचा कान फक्त घरच्यांपर्यंत पोचतो. भाऊजींशी बोलताना हाच मुद्दा पुढे करा, कारण यात त्यांच्यावर आरोप नाही.

आणखी एक गोष्ट बरेच फिटर सांगत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये चित्राचा एखादा तुकडा काळा करता येतो. शेजाऱ्याचं न्हाणीघर किंवा विहीर दिसत असेल तर आम्ही तेवढ्यावर काळा चौकोन ओढतो. आवाजाला असा चौकोन नाही. झोपाळ्याचं ऐकू नको, गेटचं ऐक, असं माइकला सांगता येत नाही. तो चालू असतो किंवा बंद.

हे मी उगाच सांगत नाही. पाच वर्षांपूर्वी मी गावच्या घरात पडवीला असाच कॅमेरा लावला, आई एकटी असते म्हणून. दुकानात गिऱ्हाईक नसलं की कानात इअरफोन घालून बसायचो. आठवडाभर मजा वाटली, मग एक दिवस आई शेजारच्या काकींना म्हणाली, की गुडघ्याचं दुखणं मुलाला सांगत नाही, तो काम टाकून येईल. मी त्याच शनिवारी गेलो आणि शहाण्यासारखं म्हटलं, “आई, गुडघा दाखवूया.” ती माझ्याकडे बघत राहिली, मग वर कॅमेऱ्याकडे. म्हणाली, “भिंतीक कान असतत ह्यां ऐकलला, आता वाश्यांकय फुटले.” डॉक्टरकडे आली, पण त्यानंतर तिच्या गजाली मागच्या परसात गेल्या. पडवीत बाकडं रिकामं, आणि मी मोबाइलवर ते रिकामं बाकडं बघतोय. महिनाभराने आवाज बंद केला, तिला तो बंद करताना दाखवलं. तरी बाकडं भरायला दिवाळी उजाडली.

कायद्याचं विचारलंत. मी वकील नाही, पण या धंद्यात राहून जे माहीत करून घ्यावं लागलं ते सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई, किंवा भारतीय न्याय संहितेचं कलम ७७, ही चोरून काढलेल्या विशिष्ट प्रकारच्या चित्रांबद्दल आहेत. ओटीवरचं बोलणं त्यांत बसत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा माणसाने स्वतःच्या घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू नाही. त्यामुळे पोलीस ठाण्यात गेलात तर बहुधा “घरातलं घरात मिटवा” असंच ऐकाल. पण हात अगदी रिकामे नाहीत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. आणि तुमच्या प्रकरणाच्या जवळचा खटला कोलकात्याचा, एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचा. राहत्या भागात दुसऱ्याच्या संमतीशिवाय सीसीटीव्ही चालवणं हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे असं तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटलं, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. तेव्हा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून ठेवा, घर दोघांच्या नावावर आहे हे त्यात दिसेल. अगदीच ताणलं तर दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागता येतो. त्याच्या आधी गावची तंटामुक्ती समिती आहे. आणि तिच्याही आधी गणपती आहेत.

(भाऊजी म्हणतील, पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांना आवाज असतो तो चालतो? हो, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो असला पाहिजे असं सांगितलं. कोठडीत कोण ओरडलं याची नोंद राहावी म्हणून. तुमच्या पायरीवर बांगड्यांची घासाघीस चालते.)

भाऊजींकडे नेमकं काय मागायचं ते लिहून घ्या. ॲपमध्ये आवाजाची नोंद बंद करायची. ही कळ मूळ खातेदाराच्याच हातात असते, म्हणजे त्यांच्या. ॲप आणखी कोणाकोणाच्या मोबाइलवर दिलंय ते विचारा. मुलगा, भाचा, भागीदार अशी साखळी निघते, हे मी अनेक घरांत बघितलंय. आतापर्यंतचं साठलेलं कार्ड फॉरमॅट करून द्यायला सांगा. आज बंद केलेला आवाज डोंबिवलीतून उद्या पुन्हा चालू करता येतो, म्हणून विश्वासाचा प्रश्न उरलाच तर बिनमाइकचा कॅमेरा बसवा. जुना उघडून आतला माइक काढायला जाऊ नका. एकदा झाकणाचं रबर सुटलं की आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे काढत नाही. बदलाचा खर्च निम्मा-निम्मा करा असं तुम्हीच सुचवा. आणि शक्य असेल तर कॅमेरा ओटीवरून उतरवून कुंपणाच्या खांबावर न्या, कलमांकडे तोंड करून. आंबे तिकडे आहेत.

फवारणीचा हिशोब मात्र द्या त्यांना, कागदावर, पावत्यांसकट. तो मासेवालीकडून कळला याचं त्यांना लागलं असेल, आणि ते लागणं खोटं नाही.

प्रश्न : तारकर्लीला आमचा होमस्टे आहे. रात्री पाहुणे फार दंगा करतात, नंतर नाकबूल होतात. खोल्यांबाहेरच्या व्हरांड्यात आवाजाचा कॅमेरा लावावा का?

उत्तर : नको. पाहुणा पैसे देऊन राहतो, म्हणजे वर सांगितलेल्या २०२३ च्या कायद्यातली घरगुती वापराची सवलत तुम्हांला नाही. दंगा चित्रातही दिसतो, वेळेसकट. व्हरांड्यात नुसत्या चित्राचा कॅमेरा ठेवा आणि “येथे कॅमेरा आहे, आवाज टिपला जात नाही” अशी पाटी लावा, तीही खोली दाखवण्याच्या आधी दिसेल अशी. एक मालक पाहुण्यांचं जेवणावरचं बोलणं कॅमेऱ्यातून ऐकायचे. एकदा कुणीतरी म्हणालं, सोलकढी पाणचट आहे; हे सरळ उठून टेबलाशी गेले आणि नारळाचा भाव सांगू लागले. ते कुटुंब दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघून गेलं.

प्रश्न : फिटर म्हणाला आमच्या कॅमेऱ्यात आवाज नाही. खरं कसं ओळखायचं?

उत्तर : भिंगाच्या आसपास किंवा खालच्या बाजूला सुईने टोचल्यासारखं भोक दिसतं का बघा. ॲपमध्ये कर्ण्याचं चिन्ह असेल तर ते दाबा. सगळ्यात खात्रीचं म्हणजे पहाटेचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग लावा. कोंबडा ऐकू आला तर फिटरला परत बोलवा.