गाडीच्या काचा काढून पॉलिकार्बोनेट (पारदर्शक, मजबूत प्लास्टिकची शीट) बसवलं तर काही फायदा होतो का?

तुमचा प्रश्न असा : पुण्यात जुनी पेट्रोल स्विफ्ट आहे, रोज हिंजवडीला जाणं-येणं, आणि जमलं तर ऑटोक्रॉसला (मैदानात आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावरची, घड्याळाशी शर्यत) उतरायचा विचार. सगळ्या काचा काढून पॉलिकार्बोनेट लावलं तर वजन किती उतरेल, ॲव्हरेज वाढेल का आणि आरटीओ अडवेल का?

भोसरीत आमचं मशिन गार्ड, म्हणजे मशिनभोवतीची संरक्षक आवरणं, बनवायचं काम आहे, त्यामुळे ही शीट रोज हाताखालून जाते. रेसच्या काही गाड्यांच्या खिडक्याही कापून दिल्या आहेत. रोजच्या गाडीला हे करू नका. फक्त ट्रॅकवर पळणारी गाडी असेल तर जरूर करा, पण पुढच्या काचेला हात न लावता.

आधी वजनाचा हिशोब, कारण सगळे तिथेच भुलतात. काचेची घनता 2.5, पॉलिकार्बोनेटची 1.2. म्हणजे एक मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलो, तेवढीच शीट सव्वा किलोच्या आत. ‘निम्मं वजन’ ऐकायला भारी वाटतं. पण छोट्या गाडीच्या बाजूच्या आणि मागच्या काचा मिळून साधारण 1.6 चौरस मीटर धरा, जाडी साडेतीन मिलिमीटर. काच भरते 14 किलो. त्याजागी तीन मिलिमीटरची शीट लावली तर पावणेसहा किलो. वाचले आठ किलो आणि वर थोडं. टाकीत 20 लिटर पेट्रोल कमी भरलं तर 15 किलो वाचतात, आणि त्यासाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही. हजार किलोच्या आसपासच्या गाडीत आठ किलोनी ॲव्हरेजमध्ये पडणारा फरक तुम्हाला मोजताही येणार नाही. हिंजवडीच्या शिवाजी चौकात जेवढा वेळ उभे राहता, तेवढ्यात तो धुऊन निघतो.

मग रेसवाले का करतात? त्यांनी सीटा, कार्पेट, एसी सगळं आधीच उपसून टाकलेलं असतं, आणि काच गाडीच्या वरच्या भागात असते. वरचे आठ किलो गेले की वळणावर गाडी कमी कलते. फेरारी एफ 40 ला प्लास्टिकच्या खिडक्या होत्या, पोर्शच्या 911 जीटी 3 आरएसलाही मागची काच प्लास्टिकची आली. पण त्या गाड्या ऑफिसला जायला घेतलेल्या नसतात.

आता मुख्य गोष्ट. पॉलिकार्बोनेट मजबूत आहे म्हणून लोक त्याला काचेपेक्षा सरस समजतात. मजबूत आहेच, हातोडा मारला तरी फुटत नाही. पण खिडकीला रोज हातोडा बसत नाही, रोज बसते ती धूळ. तिथे लागतो कठीणपणा, आणि त्यात काच कितीतरी पुढे आहे. तुमच्या सोसायटीत सकाळी गाड्या पुसणारा मुलगा एका बादलीतल्या पाण्यात एकच फडकं बुडवून अख्खी रांग पुसून काढतो. त्या फडक्यातली माती काचेला काही करत नाही. तीच साध्या शीटवर फिरली की बारीक गोल चरे उठतात, आणि रात्री समोरच्या गाडीचा लाइट पडला की सगळी खिडकी पांढरी. दाराची काच वर-खाली होते तेव्हा कडेच्या रबरात अडकलेली माती वेगळीच घासते. चरे न पडण्यासाठी सिलिकॉनच्या हार्ड कोटिंगची शीट मिळते, ती बरी टिकते, पण कापलेल्या कडेला आणि भोकांना कोटिंग नसतं.

उन्हाचं काय होतं ते बघायला लांब जायला नको. सात-आठ वर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या कुठल्याही गाडीचे हेडलाइट बघा, पिवळट आणि धुरकट. ती ‘काच’ पॉलिकार्बोनेटचीच असते, आणि तीसुद्धा कंपनीतून कोटिंग होऊन आलेली.

तिसरा शत्रू रसायन. सीएनसी मशिनच्या (कॉम्प्युटरवर चालणारं, धातू कापायचं मशिन) दाराला हीच शीट असते. कूलंटचा (कापताना सोडतात त्या थंड करणाऱ्या द्रवाचा) मारा खाऊन काही वर्षांत ती बाहेरून जेमतेम धुरकट दिसते, पण आतून ताकद गेलेली असते. म्हणून मशिनवाले ती ठरावीक मुदतीनं बदलायला सांगतात. गाडीत पेट्रोलचा हात, थिनर, अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विड हे सगळं तेच काम करतं. बोल्ट घट्ट आवळलेल्या भोकाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसू लागतात.

सुरक्षेचं म्हणाल तर न फुटणं हाच इथे दोष. बाजूची टफन काच (तापवून झटकन थंड केलेली) मुद्दाम अशी बनवतात की फुटली तर बारीक दाणे व्हावेत. भुयारी मार्गात पाणी भरलं, दार अडकलं, तर हातोडीनं कोपऱ्यात ठोका मारून बाहेर पडता येतं. पॉलिकार्बोनेटवर ती हातोडी नुसती उडत राहील. आणि पुढच्या काचेचा तर विचारच नको. वायपरनं ती एका पावसाळ्यात खराब होईल हे वेगळंच, पण बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग त्या काचेचा आधार घेऊनच फुगते.

कायद्याचं सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 100 नुसार पुढची काच लॅमिनेटेडच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेली) लागते. पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत यायला हवा. शीट स्वच्छ असली तर प्रकाशाची अट सहज पूर्ण करते, आणि 2021 पासून नियमात ‘सेफ्टी ग्लेझिंग’ (प्लास्टिकचा थर असलेली काच वगैरे) हा प्रकारही आला, म्हणून काही जण छातीठोक सांगतात की चालतं. पण त्यालाही भारतीय मानक 2553 लागू आहे. तुमच्या सध्याच्या काचेच्या कोपऱ्यात त्या मानकाचा शिक्का कोरलेला दिसेल. भोसरीत जिगसॉनं कापलेल्या शीटवर तो कुठून आणणार? शिवाय कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विमावाल्यांच्या सर्व्हेअरला अशी खिडकी दिसली की क्लेमचं घोंगडं भिजत पडलंच समजा.

ऑटोक्रॉससाठी वेगळी गाडी उभी केलीत तर मात्र मजा आहे. आधी तुमच्या क्लासची नियमावली वाचा, सगळ्याच क्लासमध्ये परवानगी नसते. मग सुरुवात मागच्या दारांपासून करा, तिथली खिडकी खाली-वर करायची गरज नसते.

दुकानात पॉलिकार्बोनेट म्हणून ॲक्रिलिक (दिसायला तसंच, पण ठिसूळ प्लास्टिक) गळ्यात मारतात. बोटभर रुंदीची पट्टी मागून घ्या आणि पकडीत धरून वाकवा. ॲक्रिलिक काड्कन तुटतं आणि टोकदार तुकडा उडतो, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा. पॉलिकार्बोनेट वाकतं आणि वाकलेलंच राहतं. शेडवर टाकतात ती आतून पोकळ शीट यासाठी नाही, सॉलिड मागा.

शीट उन्हात काचेच्या सात-आठ पट पसरते. मीटरभर लांबीत 40 अंशांचा फरक पडला तर पावणेतीन मिलिमीटर. म्हणून भोक बोल्टपेक्षा मोठं पाडायचं, खाली रबराचा वायसर द्यायचा आणि बोल्ट हातानं जेमतेम बसवायचा. कडा बंद करायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट वापरू नका, न्यूट्रल घ्या. शीट काचेपेक्षा तीसेक पट लवचीक आहे, वेगात ती बाहेर फुगते, म्हणून मधे एक ॲल्युमिनियमची पट्टी आडवी द्या. मागची मोठी काच दोन दिशांना वळलेली असते. सपाट शीट एकाच दिशेनं वाकते, त्यामुळे ती भट्टीत तापवून साच्यावरच बसवावी लागते. त्याआधी शीट सुकवून घेतली नाही तर, विशेषतः पावसाळ्यात, आत बुडबुडे येतात. भट्टीत न जाणाऱ्या शीटची वरची फिल्म अगदी शेवटी सोला.

काढलेल्या काचा मात्र भंगारात देऊ नका. चादरीत गुंडाळून, आडव्या न ठेवता भिंतीला उभ्या टेकवून ठेवा. गाडीला पंधरा वर्षं झाली की रजिस्ट्रेशन पुढे वाढवायला ती तपासणीला न्यावी लागते, तेव्हा त्याच परत बसवायच्या आहेत.