‘सेफ पिरियड’ला ‘ऋतुकाळ’ म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: ‘कुटुंबनियोजनावरच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. सेफ पिरियडला सुरक्षित काळ म्हणणं फार सरकारी वाटतं. ऋतुकाळ चालेल का?’

ताई, एवढं करू नका! तुमची पुस्तिका वाचून एखादीला दिवस जायचे.

सेफ पिरियड म्हणजे पाळीच्या चक्रातले गर्भ राहण्याची शक्यता कमी असलेले दिवस. ऋतुकाळ म्हणजे गर्भ राहण्याजोगा काळ, म्हणजे तुम्हाला हवं त्याच्या नेमकं उलट. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात तो पाळी सुरू झाल्यापासून १६ रात्रींचा सांगितलाय. त्यातल्या पहिल्या चार, शिवाय अकरावी आणि तेरावी समागमाला वर्ज्य. उरलेल्या १० प्रशस्त. (मूल हवं असणाऱ्यांना तेरावी रात्र वर्ज्य! २८ दिवसांच्या चक्रात स्त्रीबीज साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं.) ‘ऋतुदान’ (या काळातला समागम), ‘ऋतुशांती’ (गर्भाधानाचा विधी) हे शब्द याच अर्थाशी जोडलेले. घोटाळा होतो तो ‘ऋतुस्राव’, ‘ऋतुप्राप्ती’मुळे. त्यांच्यामुळे ऋतू म्हणजे पाळी एवढंच डोक्यात बसतं.

मग ‘सुरक्षित काळ’ ठेवायचा? रूढ आहे, कळतोही. पण माझी अडचण ‘सुरक्षित’पाशी आहे. हे दिवस मोजायला आपल्याकडे ‘मालाचक्र’ नावाने आलेली ३२ मण्यांची माळ पाहा. लाल मणी पाळीचा पहिला दिवस, आणि आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंतचे मणी पांढरे. रोज रबरी कडी एक मणी पुढे सरकवायची. पांढऱ्यावर असेल तर गर्भ राहू शकतो, जपायचं. हा हिशेब २६ ते ३२ दिवसांनी पाळी येणाऱ्या बायकांपुरताच. तोही काटेकोर पाळला तरी वर्षभरात १०० तल्या पाच जणींना गर्भ राहतो, आणि नेहमीच्या चालढकलीत साधारण १२ जणींना. पुरुषबीज पोटात पाच दिवसही तग धरतं, तिथे पाळी मागेपुढे झाली की सगळं गणित कोसळलं.

म्हणून मी उलट बाजूने नाव देईन. मराठीत ‘दिवस राहणे’ आहेच, तेव्हा पांढऱ्या मण्यांना ‘दिवस राहण्याचे दिवस’ म्हणा. दोनदा ‘दिवस’ येतो खरा, पण आजीपासून नातीपर्यंत कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. बाकीच्यांना ‘कमी जोखमीचे दिवस’. आणि संपादकबाई ‘सुरक्षित’वरच अडून बसल्या, तर त्याआधी निदान ‘त्यातल्या त्यात’ तरी घालून घ्या.