आईच्या स्टेरॉइडच्या गोळ्या आजच बंद कराव्यात का?

आपल्या आईंना संधिवातासाठी आठ महिन्यांपासून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू आहे आणि दुष्परिणामांविषयी वाचून त्या गोळ्या आजच बंद कराव्यात का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही; याच गोळ्या तीन वर्षे घेतलेला रुग्ण आहे, आणि तेवढ्या अनुभवावरून सांगतो की त्या परस्पर बंद करू नयेत. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रोज सुमारे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, तयार करतात. तेच काम काही आठवडे गोळी करू लागली की या ग्रंथी सुस्तावतात, आणि गोळी एकाएकी थांबल्यास रक्तदाब घसरून, उलट्या होऊन प्रकरण जिवावर बेतू शकते. म्हणूनच डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने, कधीकधी महिनोन् महिने घेऊन उतरवतात.

दुष्परिणाम मात्र खरेच आहेत. माझा चेहरा गोल झाला तेव्हा भेटणारे 'तब्येत सुधारली' म्हणत, आणि त्याच काळात मला खुर्चीच्या हातांवर जोर दिल्याशिवाय उठता येत नव्हते, कारण मांड्यांचे स्नायू झिजले होते. हाडांची झीज याहून फसवी असते: ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सर्वांत वेगाने होते, दुखत नाही, आणि पुष्कळदा मणका दबल्यावरच कळते. त्यामुळे हाडांची घनता तपासली आहे का आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्व सुरू आहे का, हे आधी विचारावे. साखरेचेही तसेच, सकाळी गोळी घेणाऱ्याची साखर दुपारनंतर चढते, त्यामुळे केवळ उपाशीपोटीचा अहवाल चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नये (मी वर्षभर तसाच राहिलो होतो). मोतीबिंदू व काचबिंदूसाठी डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. जंतुसंसर्ग लवकर होतो आणि ताप दबलेला राहतो. जुना क्षयही पुन्हा डोके वर काढू शकतो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना 'गोळी बंद करा' असे म्हणण्याऐवजी, मात्रा किती खाली आणता येईल आणि संधिवात आटोक्यात ठेवणाऱ्या मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाच्या आधाराने ती उतरवता येईल का, असे विचारावे. दरम्यान आईंना गोळी पोटात न टिकण्याइतक्या उलट्या झाल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्यांना रुग्णालयात न्यावे आणि स्टेरॉइड सुरू असल्याचे तिथे सर्वांत आधी सांगावे.