व्यायाम आईसाठी आहे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू शिकवलेल्या श्वसनाच्या व्यायामासाठी वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या आया डोळे मिटतात आणि थोड्याच वेळात त्यांतली एखादी हुंदके देऊ लागते, म्हणून हे काम आपल्याला जमणारे नाही, असे तू लिहिले आहेस. न जमायला काय झाले? तुझा क्रम तेवढा उलटा आहे. 28 आठवड्यांत जन्मलेल्या बाळाची आई दिवसभर त्याच्या काचेच्या उबदार पेटीत काय पाहत असते? बाळाची छाती वरखाली होते आहे की नाही, एवढेच. या बाळांचा श्वास मध्येच थांबतो, यंत्र ओरडू लागते, परिचारिका धावत येते. अशा बाईला ‘आता श्वासाकडे लक्ष द्या’ म्हटले, तर तिला आठवतो तो बाळाचा श्वास.

म्हणून सुरुवात हातांपासून कर. तिला पाठ टेकून बसू दे, पावले जमिनीवर आणि डोळे उघडेच असू देत. मुठी 5 सेकंद आवळून सोडायला सांग आणि हात सैल पडल्याचे तिला जाणवेपर्यंत पुढे जाऊ नकोस. मग खांदे कानांपर्यंत उचलून सोडणे, आणि मग जबडा. आपण दातांवर दात दाबून बसलो आहोत, हे यांतल्या बहुतेकींना सांगेपर्यंत कळतच नाही. पोट मात्र आवळायला लावू नकोस, कारण कित्येकींचे टाके ओले असतात. स्नायू आवळून सैल सोडण्याची एडमंड जेकबसन यांची मूळ पद्धत सर्वांगाची आणि लांबलचक आहे. रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनी दूध काढायला उठणाऱ्या बाळंतिणीकडून ती पुरी करून घेणे हा शुद्ध जुलूम आहे. श्वासाचा व्यायाम शेवटी घे, तोही तिची तयारी असेल तर: घेण्यापेक्षा सोडणे सावकाश, आणि रोखून धरणे मुळीच नको, कारण अनेकींची प्रसूती रक्तदाब वाढल्यामुळेच वेळेआधी करावी लागलेली असते.

आता ज्या वाक्याने मी अस्वस्थ झाले, त्याविषयी. ‘तुम्ही शांत राहिलात तर दूध वाढेल’ असे तू त्यांना सांगतेस. हे पुन्हा सांगू नकोस. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. ताणामुळे ऑक्सिटोसिन हे पान्हा फोडणारे संप्रेरक अडते आणि पान्हा फुटायला वेळ लागतो, आणि 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिथिलीकरणाची ध्वनिफीत ऐकलेल्या अशाच मातांना एका वेळी इतर मातांपेक्षा 63 टक्के अधिक दूध आल्याची नोंद आहे. पण तो आकडा तुझ्या माहितीसाठी आहे. तिच्या कानावर तो घातलास, की ती एक डोळा बाटलीच्या रेघांवर ठेवून शांत होऊ पाहते, आणि दूध कमी आले की तोही आपलाच दोष मानते. बाळ आधी जन्मले याचे खापर तिने स्वतःवर फोडलेलेच असते. त्यात तू आणखी भर घालणार का? व्यायाम आईसाठी आहे. दुधासाठी नाही, वजनकाट्यासाठी नाही, आपल्या अहवालासाठी तर नाहीच.

वरिष्ठांनी ‘व्यायाम केला / केला नाही’ असा रकाना आखून दिला, तेव्हा मी तो अखेरपर्यंत भरला नाही. मला हेकट म्हटले गेले, माझ्यामागे बरेच काही बोलले गेले. आजही तो रकाना समोर आला तर मी कोराच ठेवीन, कारण हजेरी लागते म्हटल्यावर बायका आपल्याला बरे वाटावे म्हणून बरे वाटल्याचे सांगतात, आणि मग खरोखर कोण खचली आहे हे ओळखण्याचा मार्गच बंद होतो.

बाळाला छातीशी घेण्याची परवानगी मिळाली असेल, तर व्यायाम खुशाल बाजूला ठेव. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कांगारू पद्धतीने, म्हणजे त्वचेला त्वचा लावून, बाळ दिवसाचे 8 ते 24 तास आईजवळ ठेवण्याची शिफारस केली आहे. त्या वेळात खांदे सैल सोडण्याची एखादी आठवण पुरे. आणि जिचे रडणे दोन आठवड्यांनंतरही ओसरत नाही, जी बाळाकडे पाहणे टाळते, तिला मुठी आवळायला लावत बसू नकोस, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठव. जी स्वतःला किंवा बाळाला संपवण्याची भाषा करते, तिला त्या क्षणापासून एकटी सोडू नकोस आणि डॉक्टरांना ताबडतोब बोलाव.

तुझी,
ताई