आजीच्या जुन्या कोल्हापुरी साजाची पानं सुटी झालीत. ती न वितळवता रोज घालता येईल असं काही करून मिळेल का?

हो, मिळेल, पण त्यासाठी सराफाच्या आधी पटवेकऱ्याकडे जा. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दागिने रेशमात गाठवून देणारे हे कारागीर बसतात, माझं तेच काम आहे. साजात परंपरेने 21 पानं, म्हणजे छोटी पदकं, धरतात, पण रोजच्या वापराला पाच-सात पुरेत. त्यातली कारलं, भुंगा, बेलपान, मासा ही शेताशिवारातली पानं निवडली तर काळ्या किंवा मरून रेशमात, मधे जवमणी (जवाच्या दाण्यासारखे मणी) घालून, सुरेख गळ्यालगतची माळ होते. उरलेल्या दोन सारख्या पानांची कानातली करा. वितळवू नका म्हणतात ते उगाच नाही: जुनं पान म्हणजे वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत भरलेली लाख. लाख जळून जाते, हातात सोनं अगदी थोडं येतं आणि घडण कायमची जाते. (मोडीत घालताना मिळालेला आकडा बघून बरेच जण हिरमुसतात.)

एक मात्र बघून घ्या. पान हळूच दाबा. पत्रा चेपत असेल किंवा कडेच्या फटीतून लाखेचा चुरा पडत असेल, तर आधी लाख भरून घ्यावी लागेल. असं पान थेट डाग द्यायला, म्हणजे तापवून सांधायला, देऊ नका, आचेने आतली लाख उकळून बाहेर येते. सोबत जुना चांदीचा रुपया ओवायचा असेल तर त्याला भोक पाडू नका, कडेने चांदीची चौकट करून घ्या. भोक पडलेल्या नाण्याला संग्राहक विचारत नाहीत.