महिन्याच्या बॅच शेड्यूलमध्ये सॉल्व्हर का अडकतो?

तुमच्या प्लांटच्या बॅच-वेळापत्रकाचा प्रश्न असा: तीन एकसारखे रिअ‍ॅक्टर, दोन सेंट्रीफ्यूज, एक ड्रायर, पंधरा मिनिटांचे टप्पे, तीस दिवसांचं मॉडेल. आणि सॉल्व्हर (मॉडेलचं सर्वोत्तम उत्तर शोधणारं सॉफ्टवेअर) रात्रभर चालवूनही गॅप, म्हणजे हाती आलेलं उत्तर आणि सर्वोत्तम उत्तराची सिद्ध झालेली मर्यादा यांतलं अंतर, १८ टक्क्यांखाली येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. भारी सर्व्हर घेऊन हे सुटणार नाही. मॉडेलच हलकं करावं लागेल.

आधी टप्पे बघा. पंधरा मिनिटांनी महिन्याचे २८८० टप्पे होतात. काम-यंत्राच्या ४० जोड्या धरल्या तर बायनरी चलं (या टप्प्याला हे काम सुरू करायचं की नाही, १ किंवा ०) १,१५,२००. तासाचा टप्पा घेतला की २८,८००. दोन तासांवर मात्र जाऊ नका: सात तासांची बॅच आठ तासांची होते, आणि तुमच्याकडे एकच ड्रायर आहे, तिथे तेवढी चैन परवडत नाही.

खरी गोम दुसरीकडे आहे. ‘एका यंत्रावर एका वेळी एकच काम’ ही अट तुम्ही बिग-एम (एक भलामोठा आकडा घालून अट चालू-बंद करायची युक्ती) वापरून प्रत्येक कामासाठी वेगळी लिहिली आहे. कोंडिली, पँटेलिडीस आणि सार्जंट यांच्या १९९३च्या स्टेट-टास्क नेटवर्कमध्येही (पदार्थांच्या अवस्था आणि कामं यांचं जाळं मांडणारं मॉडेल) ती तशीच होती. पण त्याच वर्षी शाह, पँटेलिडीस आणि सार्जंट यांनी ती एका ओळीत बसवली: त्या यंत्रावर आत्ता सुरू होणारी आणि आधी सुरू होऊन अजून न संपलेली सगळी कामं मिळून जास्तीत जास्त एक. चलं तेवढीच राहतात, एलपी रिलॅक्सेशन (चलांना ० ते १ मधले अपूर्णांकही चालवून घेणारं सोपं रूप, ज्यावरून सॉल्व्हर मर्यादा काढतो) मात्र बरंच घट्ट होतं. आधी एवढंच बदलून चालवून बघा.

मग रिअ‍ॅक्टर. तिन्ही सारखे, त्यामुळे नावांची नुसती अदलाबदल करूनही एकच शेड्यूल सहा तऱ्हांनी लिहिता येतं, आणि सॉल्व्हर त्यातच घोटाळत राहतो. पँटेलिडीस यांच्या १९९४च्या रिसोर्स-टास्क नेटवर्कसारखं (यंत्रांनाही साधन म्हणून मोजणारं मॉडेल) ‘तीन नग’ असलेलं एकच साधन धरा. नेमका कोणता रिअ‍ॅक्टर, ते मागाहून वाटा. क्लीनिंग उत्पादनागणिक बदलत असेल, तर ‘स्वच्छ’, ‘अमक्यानंतरचा’ अशा अवस्था करून प्रत्येकीत किती नग आहेत ते मोजा.

तरीही अख्खा महिना एका दमात नको. पहिला आठवडा तपशिलात, पुढचे फक्त दिवसाच्या क्षमतेवर, आणि मग खिडकी पुढे सरकवायची. खिडकीच्या शेवटी इंटरमीजिएटचा (पुढच्या कामासाठीच्या अर्ध्या-तयार मालाचा) किमान साठा बंधनकारक करा, नाहीतर मॉडेल टाक्या रिकाम्या करून मोकळं होतं. उद्दिष्ट म्हणून मेकस्पॅन (सगळी कामं संपायला लागणारा एकूण वेळ) नको, उशिरा जाणाऱ्या डिस्पॅचला दंड लावा. गॅप तीन टक्क्यांवर आला की थांबा. प्रत्यक्षात यील्डच (बॅचमधून मिळणारा माल) तेवढा हलतो.

पहिले ४८ तास मात्र आधीच्या शेड्यूलप्रमाणेच गोठवा. सेंट्रीफ्यूजमध्ये ओला केक पडलेला असताना कोणताही शिफ्ट इन्चार्ज तुमचा नवा क्रम ऐकून घेणार नाही.