डेनेरिस ‘बापावर गेली’ हे उत्तरच नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्र म्हणतो, गेम ऑफ थ्रोन्स या मालिकेतली डेनेरिस मुळातच वेडी होती, शेवटी बापाचं, त्या वेड्या राजा एरिसचं, रक्त उसळलं. तुम्हाला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. शरणागतीच्या घंटा वाजल्या, सर्सीची राजधानी किंग्ज लँडिंग शरण आली, तरी तिने ड्रॅगनवरून ती का जाळली, आणि मित्राशी पुन्हा बोलण्याआधी कुठले भाग बघावेत, हे तुम्हाला हवंय.

तुमचा मित्र चुकतोय. आठही सीझन तुमचे पाहून झालेत असं धरते, म्हणून कोण कोणाचा कोण हे अगदी जेवढ्यास तेवढंच सांगते.

आधी रक्ताचं बघू. एरिसचं रक्त एकट्या डेनेरिसच्या अंगात नव्हतं. रेगार त्याचाच थोरला मुलगा. डेनेरिसचा म्हातारा सल्लागार बॅरिस्टन त्याची आठवण काढतो तेव्हा सांगतो, त्याला माणसं मारायला आवडत नसे, गायला आवडे. रेगारचा मुलगा जॉन, म्हणजे एरिसचा सख्खा नातू, आणि डेनेरिस त्याची आत्या. जॉनच्या अंगातलं रक्त आठ सीझन कधीच का उसळलं नाही? आणि उत्तरेच्या भिंतीवरचा म्हातारा पंडित मेस्टर एमॉन, तोही त्याच घराण्यातला, टारगेरियनच. चालून आलेलं राज्य त्याने नाकारलं आणि उरलेला जन्म भिंतीवरच्या कॅसल ब्लॅक किल्ल्यात घालवला. त्याच्याइतकं ठिकाणावर असलेलं डोकं अख्ख्या मालिकेत मला दुसरं दिसत नाही. जे कारण एकीला लागू पडतं आणि तिघांना पडत नाही, ते कारण नव्हेच.

मित्र आता नाण्याचं वाक्य काढेल. टारगेरियन जन्माला आला की तो वेडा निघणार की थोर, यावर देव नाणं उडवतात, ते वाक्य. ते कोणाच्या तोंडी आहे ते त्याला विचारा. दुसऱ्या सीझनमध्ये राणी सर्सी ते म्हणते, तिचा मुलगा जॉफ्री हाताबाहेर गेलाय आणि हे आपल्याच पापाचं फळ आहे की काय या विचाराने ती आतून पोखरली गेलीये तेव्हा. आठव्यात डेनेरिसचाच सल्लागार व्हॅरिस म्हणतो, तोवर डेनेरिसला बाजूला सारून जॉनला गादीवर बसवायचं त्याचं ठरलेलं असतं. त्या क्षणी दोघांनाही त्या वाक्याचा आधार हवाय. पात्र बोललं म्हणजे मालिकाच बोलली, असं धरून निम्मे फॅन भांडतात. पात्र आपल्या गरजेपुरतं बोलतं.

बरं, हाच न्याय सर्सीच्या घराण्याला, लॅनिस्टरांना का नाही? तिच्या बापाच्या, टायविनच्या सैन्याने हेच किंग्ज लँडिंग पूर्वी लुटलं होतं, रेड वेडिंगमागेही, म्हणजे लग्नात झालेल्या त्या कत्तलीमागेही, तोच होता. सर्सीने सहाव्या सीझनच्या शेवटी बेलोरचं सेप्ट, म्हणजे देऊळ, आतल्या माणसांसकट उडवलं, तेही एरिसने शहराखाली साठवून ठेवलेल्या वाइल्डफायर या स्फोटक द्रवाने. त्यांच्याबद्दल बोलताना लोक हेतू शोधतात: सत्ता, सूड, मुलांवरची माया. गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टॅनिसने पोटच्या मुलीला, शिरीनला जाळलं, तर त्याची महत्त्वाकांक्षा. डेनेरिसची पाळी आली की एकदम रक्त. हे मला सहन होत नाही आणि होणारही नाही.

त्याला कारण आहे. २०१९ च्या मे महिन्यात तो पाचवा भाग आला तेव्हा आम्ही सगळी चुलत भावंडं ही मालिका जोडीने बघायचो. आपापल्या घरी, पण भाग संपला की लगेच ग्रुपवर. आमच्यातला थोरला, त्याला सगळे दादाच म्हणतात, पहिल्या सीझनपासून टिरियनच्या, म्हणजे सर्सीच्या भावाच्या आणि पुढे डेनेरिसचा सल्लागार झालेल्याच्या, बाजूचा. मी डेनेरिसची. तिने खालांना, म्हणजे डोथ्राकी टोळ्यांच्या प्रमुखांना, जाळलं तेव्हा, तिच्यापुढे न झुकलेल्या टार्ली बापलेकांना जाळलं तेव्हा, दर वेळी आमची जुंपायची. मला ते आवडायचं. दादा वाचलेला माणूस आहे, एखाद्या प्रसंगात मागे कोण उभं होतं हेसुद्धा त्याच्या लक्षात असतं. त्याच्याशी भांडायचं म्हणून मी भाग दोन-दोनदा बघायचे.

त्या दिवशी भाग संपताच त्याचा मेसेज आला, “बघ, गेली बापावर.” बाकीची भावंडं त्यावर हसली. मी तिने जिंकलेल्या मीरीन शहरापासूनचं सगळं लिहून काढलं, तिची मैत्रीण मिसांडे हिच्या शेवटच्या शब्दापर्यंत. एरवी तो मुद्द्याला मुद्दा द्यायचा. त्या दिवशी एकाही मुद्द्याला हात लावला नाही. मी लिहीत राहिले आणि शेवटी त्याने लिहिलं, “तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तू आत्यावर गेलीयेस, रक्तातच आहे तुमच्या.”

आमच्या आत्याबद्दल सांगितलं पाहिजे. आजोबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं तिने केलं. ते गेल्यावर वाटणीचे कागद तिच्यापुढे सहीला आले, तेही आधी एका शब्दाने न विचारता. तिने ते सगळ्यांसमोर फाडले, उठून गेली आणि त्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नाही. आम्हा मुलांना गोष्ट सांगितली गेली ती एवढीच, की आत्याने भरल्या घरात कागद फाडले. त्याला जोडून पुढचं वाक्य ठरलेलं: आजोबांचा तापटपणा नेमका तिच्यात उतरला. त्या कागदांवर काय लिहिलं होतं, हे कोणी कधी सांगितलं नाही. मला ते मोठी झाल्यावर कळलं, तिच्याच तोंडून. तिने आवाज न चढवता सगळं क्रमाने सांगितलं, त्या दिवशी कोण कुठे बसलं होतं आणि कोण काय म्हणालं, नावानिशी. बोलताना ती जराही चिडली नव्हती. इतकी वर्षं तिला कोणी विचारलंच नव्हतं.

आणि ती दादाचीही आत्याच. तेच रक्त त्याच्याही अंगात आहे.

तेव्हापासून कोणी ‘रक्तातच आहे’ म्हणालं की मी एवढंच समजते, की या माणसाला पुढची चौकशी करायची नाहीये.

आता डेनेरिस. इशारे होते का? होते आणि ठळक होते. मात्र ते वेडाचे नव्हते, तिच्या न्यायाच्या पद्धतीचे होते. मीरीनच्या वाटेवर मालकांनी १६३ गुलाम मुलांना खांबांना ठोकलं होतं. शहर हाती आल्यावर तिने १६३ मालक ठोकले. दयेने वागा असं बॅरिस्टन सांगत होता, तिने ऐकलं नाही. त्या १६३ जणांत नेमकं दोषी कोण, हे तपासलं गेलं नाही. पुढे त्यांतल्याच एकाचा मुलगा हिझदार समोर येऊन सांगतो की त्याचे वडील त्या मुलांना मारण्याच्या विरोधात बोलले होते आणि तरीही तेही खांबावरच गेले. माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सगळ्यात मोठा इशारा हा. नेमका माणूस कोण ते न बघता ती अख्ख्या बाजूला शिक्षा देते. मालक म्हणजे सगळे मालक. हे तुमच्या मित्राच्या लक्षात आलं असतं तर त्याची बाजू कितीतरी भक्कम झाली असती.

दुसरी गोष्ट, तिला आवरणारं कोणीतरी कायम शेजारी असायचं आणि ती त्यांचं ऐकायची. पाचव्या सीझनच्या दुसऱ्या भागात बॅरिस्टन तिला एरिसबद्दल खरं काय ते सांगतो. एरिसलाही वाटायचं की आपण शत्रूंना त्यांच्या लायकीची शिक्षा देतोय, आणि दर वेळी त्याला आपलंच बरोबर वाटत गेलं. हे ऐकून ती काय करते? पकडलेल्या कैद्यावर रीतसर खटला चालवायचं कबूल करते. वेडी बाई असं करत नाही. चौथ्या भागात बॅरिस्टन मारला जातो. लगेच पाचव्या भागात ती मीरीनच्या बड्या लोकांना ड्रॅगनांपुढे उभं करते, यातले निर्दोष कोण हे ड्रॅगनच ठरवतील असं म्हणते आणि एकाला जिवंत जाळून खायला देते. एका भागाचं अंतर आहे! सहाव्या सीझनमध्ये गुलामांच्या मालकांची शहरं धुळीला मिळवायला ती निघते, तेव्हा टिरियन तिला किंग्ज लँडिंगखालच्या वाइल्डफायरची गोष्ट सांगून थांबवतो. ती थांबते.

आठव्या सीझनमध्ये ही सगळी माणसं गेलेली असतात. तिचा जुना साथी जोरा तिसऱ्या भागात तिच्यासाठी लढताना मरतो. चौथ्यात तिचा ड्रॅगन रेगाल जातो, मग मिसांडे, सर्सीच्या हुकमाने. टिरियनचे सल्ले सातव्या सीझनपासून एकामागून एक अंगलट आलेले, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन उरलेलं नाही. व्हॅरिस फितूर झालेला. आपण रेगारचा मुलगा आहोत ही, तिने हात जोडून नको म्हटलेली गोष्ट जॉन बहिणींना सांगून बसलेला, आणि ती जवळ जाते तेव्हा मागे सरणारा. उरला तिचा सेनापती ग्रे वर्म, मिसांडेचा प्रियकर, ज्याला स्वतःलाच मिसांडेचा सूड हवाय. या देशात आपल्यावर कोणाचं प्रेम नाही, फक्त भीती आहे, हे ती जॉनला सांगते आणि म्हणते, मग भीतीच असू दे. तुम्ही विचारलेलं ‘का’ इथे आहे, शहरावर चाल करण्याच्या आधी, शुद्धीत बोललेलं. तिच्या लेखी किंग्ज लँडिंग ही सर्सीची बाजू होती आणि बाजूला शिक्षा कशी द्यायची हे तिने मीरीनमध्येच ठरवलं होतं.

खुद्द मालिकाकर्त्यांनी त्या भागानंतर सांगितलं ते असं, की तिने हे आधीपासून ठरवलेलं नव्हतं. तटावरून समोर रेड कीप हा राजवाडा दिसला, आपल्या घराण्याने बांधलेला आणि आपल्याकडून हिरावला गेलेला, आणि त्या क्षणी तिने निर्णय घेतला. वेड हे कारण तेही देत नाहीत. पण त्यांचं स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. राग रेड कीपवर असता तर ती थेट तिकडे उडाली असती. तिने आधी गल्ल्या जाळल्या.

आणि इथेच मालिकेची खरी चूक आहे. लोक म्हणतात शेवटी घाई झाली, सातव्या सीझनला ७ आणि आठव्याला ६ भाग, पहिल्या सहांना मात्र दहा-दहा. घाई झालीच. पण भाग वाढवूनही हा प्रश्न सुटला नसता. पहिल्या सीझनमध्ये चेटकीण मीरीला चितेवर चढवलं तेव्हा डेनेरिसचा चेहरा आपल्याला दिसतो. गुलामांच्या अस्टापोर शहरात दिसतो. वेस डोथ्राकमध्ये खालांना जाळून ज्वाळांतून चालत येते तेव्हाही दिसतो. किंग्ज लँडिंगमध्ये ती तटावरून उडाली की त्या भागात तिचा चेहरा पुन्हा दिसत नाही. कॅमेरा खाली जॉनच्या बहिणीबरोबर, आर्याबरोबर, जॉनबरोबर, धुरात पळणाऱ्या बायकामुलांबरोबर राहतो आणि वर फक्त ड्रॅगनची सावली. खालची माणसं दाखवली हे बरोबरच केलं, ती दाखवलीच पाहिजेत. पण करणारीचा चेहरा काढून घेतला की बघणारा ती रिकामी जागा सगळ्यात सोप्या शब्दाने भरतो, आणि तो शब्द ‘वेडी’. आठ सीझन जिच्या बाजूने गोष्ट सांगितली तिचा चेहरा ऐन वेळी झाकायचा, याला मी ट्विस्ट म्हणत नाही.

शेवटचा सीझन नव्याने करा म्हणून निघालेल्या ऑनलाइन याचिकेवर १० लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. मी केली नाही. मला शेवट बदलून नकोय, ती काही मिनिटं तिच्या बाजूने हवी आहेत.

एक-दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. हे सगळं मालिकेपुरतं आहे. मालिका ज्यांवर बेतलीये त्या पुस्तकांचा पहिला खंड १९९६ चा, पाचवा २०११ चा, गोष्ट तिथे अजून अर्ध्यावर आहे आणि तिथली डेनेरिस वेगळ्या वाटेने जाऊ शकते. शिवाय मी तिला निर्दोष म्हणत नाहीये. लहान मुलं जाळली गेली, तिथे माफी नाही, आणि शेवटच्या भागात जॉनने तिला मारलं ते मला चूक वाटत नाही. कृत्याचं कारण सांगणं म्हणजे कृत्याची बाजू घेणं, असं तुमच्या मित्राला वाटत असेल तर पहिल्यांदा ते खोडा, नाहीतर पुढचं काहीच त्याच्या कानात शिरणार नाही. दादाच्याही शिरलं नव्हतं.

भाग बघायचेच तर चौथ्या सीझनचा सहावा आणि पाचव्याचा दुसरा, चौथा, पाचवा एका बैठकीत बघा. मित्रालाही बसवा. मग त्याला विचारा, बॅरिस्टन जिवंत असता तर घंटा वाजल्यावर काय झालं असतं. ‘तरीही जाळलंच असतं’ असं तो म्हणाला तर त्याला पाचव्या सीझनमधला तो खटला दाखवा. ‘कदाचित नसतं जाळलं’ म्हणाला तर रक्ताचा मुद्दा त्याने स्वतःच सोडला.

आणि दादा, तू इथे येऊन माझी उत्तरं वाचतोस हे मला माहीत आहे. माझ्या एकाही मुद्द्याला तू अजून उत्तर दिलेलं नाहीस. डेनेरिसचं राहू दे बाजूला. आत्याचा नंबर तुझ्याकडे आहे. तिला फोन कर आणि त्या कागदांवर काय लिहिलं होतं ते विचार, मग आपण बोलू.